पडत्या डावाचा धनी

खेळाडूची थोरवी आपण बहुधा त्याने मिळवून दिलेल्या विजयांवरून मोजतो. बडोद्याचे क्रिकेटपटू विजय हजारे यांना हे माप लावू गेल्यास मापच तोकडे पडते.

हजारे यांचा जन्म १९१५ साली सांगलीस एका ख्रिस्ती शिक्षकाच्या घरी झाला. पुढे गायकवाड सरकारच्या आश्रयाने ते बडोद्यास आले आणि कायमचे बडोदेकर झाले. १९४७ च्या रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात होळकर संघाविरुद्ध त्यांनी व गुल महंमद यांनी ५७७ धावांची भागी रचली, ती याच नगरीत.

त्या काळी मुंबईचे पंचरंगी सामने धर्मवार खेळले जात. हिंदू, मुसलमान, पारशी व युरोपियन या चार संघांत न बसणारे, ते ‘रेस्ट’, म्हणजे उरलेसुरले! हजारे त्यांतले. १९४३ च्या अंतिम सामन्यात, हिंदूंविरुद्ध, रेस्टच्या दुसऱ्या डावातील ३८७ धावांपैकी ३०९ एकट्या हजारे यांच्या होत्या. सामना तरीही एक डाव ६१ धावांनी गेला. १९४६ साली हे सामने बंद पडले, ते इष्टच झाले.

१९४८ च्या जानेवारीत ॲडलेड येथे ब्रॅडमनच्या संघाविरुद्ध त्यांनी ११६ व १४५ धावा काढल्या. एकाच कसोटीत दोन शतके काढणारे ते पहिले भारतीय. तेथेही भारत डावाने हरला. १९५२ साली लीड्सला दुसऱ्या डावात एकही धाव न होता चार गडी बाद झाले, तेव्हा कर्णधार हजारे यांनी ५६ धावा काढून देशाची लाज राखली.

त्याच वर्षी फेब्रुवारीत मद्रासला भारताने पहिला कसोटी विजय मिळविला. शतके रॉय व उम्रीगर यांची, बारा बळी मांकड यांचे. कर्णधार मात्र हजारे. कालपरवापर्यंत ‘उरलेल्यां’त गणला गेलेला गृहस्थ आता साऱ्या देशाच्या संघाचा नायक होता. नवभारताने काय बदलले, याचे याहून बोलके उदाहरण मला ठाऊक नाही.

३० कसोटी, २१९२ धावा, सात शतके. १९६० साली पद्मश्री. २००४ साली बडोद्यातच त्यांचे निधन झाले. आज त्यांच्या नावे करंडक खेळला जातो. परंतु विद्यार्थ्यांनी ध्यानी धरावी ती गोष्ट निराळी आहे. सामना हातचा गेला असे दिसत असताही त्यांनी आपला डाव सैल सोडला नाही. निकाल अकरा जणांचा असतो. आपली विकेट राखणे मात्र ज्याचे त्याच्याच हाती असते.