लेखणी कोणाची, थैली कोणाची?

(मूकनायक दिनानिमित्त संस्थेच्या अभ्यासवर्गात दिलेले भाषण)



३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी 'मूकनायक' सुरू केले. आजच्या दिवशी मी अमेरिकेतल्या हिप-हॉपच्या मासिकांवर बोलणार, याचे काहींना नवल वाटले असेल. परंतु ज्यांच्या बोलण्याला मोठ्या वर्तमानपत्रांत जागा नव्हती त्यांची पत्रे कशी निघाली, कशाने वाढली आणि कशाने बुडाली, हा प्रश्न तिथलाही आहे आणि आपलाही आहे. अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर चळवळीपासून स्फूर्ती घेऊन १९७२ मध्ये आपल्याकडे दलित पँथर उभी राहिली. तेव्हा हे नाते नवे नाही.

हिप-हॉपचा जन्म न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातला. ही गरीब कृष्णवर्णीय आणि पोर्तोरिकन कुटुंबांची वस्ती. मोठ्या रस्त्यासाठी तिथली घरे पाडली गेली होती, कारखाने उठून गेले होते. ११ ऑगस्ट १९७३ रोजी कूल हर्क या जमैकातून आलेल्या तरुणाने आपल्या इमारतीच्या एका खोलीत तबकड्या वाजवल्या. शाळेच्या नव्या कपड्यांसाठी पैसे जमावेत म्हणून त्याच्या बहिणीने तो कार्यक्रम ठेवला होता. या तबकड्यांच्या तालावर बोललेली कविता म्हणजे रॅप. आपल्याकडे भीमशाहिरांनी जलशांतून जे काम केले, तसेच काम पुष्कळ रॅप गाण्यांनी केले. घरभाडे, बेकारी, पोलिसांचा मार असे सारे त्यांत आले.

मात्र प्रतिष्ठित संगीत नियतकालिके या गाण्यांना बराच काळ चार दिवसांचे खूळ समजत होती. ही पोकळी छोट्या पत्रांनी भरून काढली. १९८८ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातील डेव्हिड मेझ आणि जॉन शेक्टर या दोन विद्यार्थ्यांनी 'द सोर्स' नावाचे लहानसे वार्तापत्र काढले. मेझ विद्यापीठाच्या रेडिओवर रॅपचा कार्यक्रम करीत असे. त्याचे श्रोते हेच पहिले वाचक. हे दोघे श्वेतवर्णीय होते. पुढे जेम्स बर्नार्डसारखे कृष्णवर्णीय सहकारी आले आणि पत्राला राजकीय धार आली. १९९० मध्ये बिऱ्हाड न्यूयॉर्कला हलले. नव्या ध्वनिमुद्रणाला एक ते पाच 'माइक' देण्याची त्यांची पद्धत होती, आणि पाच माइक मिळणे हा मोठा सन्मान होता. ज्यांच्याशी कोणत्याही कंपनीने करार केलेला नाही अशा नवोदितांसाठी एक सदर होते. १९९२ मध्ये त्याच सदराने ब्रुकलिनचा एक अनोळखी तरुण पुढे आणला. पुढे तो नोटोरियस बी.आय.जी. म्हणून गाजला.

मग पत्रांची रांगच लागली. १९९३ मध्ये संगीतकार क्विन्सी जोन्स यांनी टाइम कंपनीच्या भांडवलावर 'व्हाइब' काढले. १९९४ मध्ये काही तरुणांनी न्यूयॉर्कमध्ये 'इगो ट्रिप' सुरू केले. मोठ्या कलावंतांचीही थट्टा करण्याची त्याची हिंमत होती. पण त्यामागे मोठे भांडवल नव्हते. १३ अंक काढून १९९८ मध्ये ते थांबले. त्या मंडळींनी नंतर पुस्तके लिहिली, दूरदर्शनचे कार्यक्रम केले, परंतु मासिक राहिले नाही.

आता उतरणीकडे वळू. मी बँकेत खातेवहीवर बसणारा माणूस आहे, म्हणून जमाखर्चाच्या बाजूने सांगतो. अशा मासिकाला पैसा तीन वाटांनी येतो. वर्गणीदाराचा पैसा आगाऊ येतो. दुकानावरच्या विक्रीचा पैसा वितरकाकडून महिन्यांनी येतो, आणि न खपलेले अंक वजा होऊन येतो. कागदवाला आणि छापखाना मात्र तेवढे थांबत नाहीत. ही तूट भरून काढायला उरते ती जाहिरात. जाहिरात देणार कोण? ज्यांच्या गाण्यांचे परीक्षण करायचे त्याच ध्वनिमुद्रण कंपन्या! ज्याच्या मालाला नावे ठेवायची, त्याच्याच पैशाने कागद आणायचा, असा हा पेच आहे.

'द सोर्स'च्या बाबतीत घाव आतूनच बसला. मेझ याचे एका रॅप गटाशी घनिष्ठ संबंध होते. १९९४ मध्ये त्याने संपादकांना न विचारता त्या गटावरचा लेख अंकात घातला. बहुतेक संपादक मंडळी राजीनामा देऊन बाहेर पडली. त्यांच्यापैकी रेजिनाल्ड डेनिस १९९७ मध्ये निघालेल्या 'एक्सएक्सएल'चा पहिला संपादक झाला. मित्रहो, गंमत पाहा. 'द सोर्स'चा खप त्यानंतरही वाढतच गेला. पत असताना मिळवलेले नाव पत गेल्यावरही काही वर्षे व्याज देत राहते. पण ते मुद्दलातून जात असते. पुढे त्याच गटातला बेंझिनो मासिकाचा भागीदार म्हणून मिरवू लागला. किंबर्ली ओसोरिओ ही मुख्य संपादक झालेली पहिली स्त्री. कचेरीतील वागणुकीबद्दल तक्रार केली म्हणून तिला सूडाने काढले, असा निर्णय २००६ मध्ये न्यायालयाच्या ज्यूरीने दिला. त्याच वर्षी मेझ आणि बेंझिनो यांच्या हातून सत्ता गेली, आणि २००७ मध्ये मासिकाने दिवाळखोरीचा आश्रय घेतला.

बाहेरही वारे फिरले होते. १९९९ नंतर गाणी इंटरनेटवरून फुकट मिळू लागली, कंपन्यांचे उत्पन्न घटले आणि त्यांनी जाहिराती आखडल्या. महिन्याने कळणारी बातमी वाचकाला त्याच दिवशी मिळू लागली. २००८ च्या मंदीने उरलेसुरले कंबरडे मोडले. १९८८ पासून चालत आलेले इंग्लंडचे 'हिप हॉप कनेक्शन' २००९ मध्ये थांबले. त्याच वर्षी 'व्हाइब'ही बंद पडले. पुढे नव्या मालकांनी ते पुन्हा सुरू केले, पण पहिला दरारा परत आला नाही.

तंत्रज्ञानाने मासिके मारली असे म्हणून मोकळे होता येईल. ते अर्धेच खरे आहे. जाहिरात आटली तेव्हा ज्यांच्यामागे वर्गणीदार उभा नव्हता ती आधी कोसळली. आपला इतिहासही हेच सांगतो. 'मूकनायक'ला शाहू महाराजांनी २,५०० रुपयांचे साहाय्य दिले. पैसे घेऊनही त्याची जाहिरात छापायला 'केसरी' तयार झाला नाही. १९२३ मध्ये 'मूकनायक' बंद पडले. १९२७ मध्ये निघालेले 'बहिष्कृत भारत' १९२९ मध्ये थांबले. म्हणून बाबासाहेब हरले नाहीत. १९३० मध्ये 'जनता' निघाले आणि १९५६ मध्ये त्याचेच 'प्रबुद्ध भारत' झाले. डॉ. गंगाधर पानतावणे यांनी 'अस्मितादर्श' अनेक दशके चालवले, ते आपल्या लेखक-वाचकांच्या बळावर.

हे सारे सांगण्याचे कारण आपल्या घरातलेच आहे. आपले विद्यार्थी त्रैमासिक काढू इच्छितात आणि एका हितचिंतकांनी सर्व खर्च उचलण्याची तयारी दाखवली आहे. त्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही. पण जो सगळा खर्च देतो, त्याच्याविरुद्ध लिहिण्याची वेळ आली तर कोणाचा हात धजेल? माझी विनंती अशी की त्यांची देणगी घ्यावी, पण चौथ्या हिश्शापेक्षा जास्त नको. संपादक आणि खजिनदार वेगवेगळे असावेत. वर्षाचा जमाखर्च अंकातच छापावा. मुलींना केवळ सूत्रसंचालनापुरते न ठेवता संपादक मंडळात घ्यावे. आणि या सभागृहातील प्रत्येक कुटुंबाने वर्षाची वर्गणी आगाऊ द्यावी. अंक आठ पानांचा निघाला तरी चालेल, पण तो आपला असावा.

पहिली वर्गणी मी आज खजिनदारांकडे देत आहे. पावती पुस्तक दाराशी ठेवले आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!