संशोधनाचे फळ कोणाच्या पदरात?

(सातारा-सांगलीच्या कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



हृदयविकार हा सुखवस्तूंचा रोग, असा समज चळवळीतही दीर्घकाळ रुजलेला आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा वर्षांवरील पुरुषांपैकी २४ टक्के आणि स्त्रियांपैकी २१ टक्के व्यक्तींचा रक्तदाब वाढलेला, अथवा त्यासाठी औषध चालू असलेले आढळले. माण-खटावचा कोरडवाहू शेतकरी, कृष्णाकाठचा ऊसतोडणी मजूर, साताऱ्याहून मुंबईस गेलेला माथाडी, सांगलीच्या यार्डात हळदीची पोती उचलणारा हमाल, यांतील कोणालाही हा रोग वगळत नाही. सुखवस्तू माणसाचा रक्तदाब वेळीच मोजला जातो. हमालाचा रोग पक्षाघाताने हात लुळा पडल्यावर उघडकीस येतो. वाढलेला रक्तदाब दुखत नाही, आणि जे दुखत नाही त्यासाठी रोजगार बुडवून दवाखान्याची पायरी चढणे श्रमिकाला परवडत नाही.

या रोगावरील संशोधनाचा एक महत्त्वाचा धागा महाराष्ट्रातून जातो. सर्पगंधेचे मूळ वैद्यांच्या पूर्वापार परिचयाचे होते. १९४९ साली मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ५० रुग्णांवर केलेल्या तिच्या प्रयोगाचा निबंध ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध केला आणि पाश्चात्य वैद्यकाचे लक्ष तिकडे वळले. १९५२ साली सिबा या स्विस कंपनीच्या संशोधकांनी त्या मुळातून रिसर्पिन हे द्रव्य वेगळे काढले. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांतील चाचण्यांत हेच रिसर्पिन अन्य दोन औषधांच्या जोडीने दिले गेले. रक्तदाब उतरविल्यास पक्षाघात टळतो, हे १९६७ व १९७० साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांनी सिद्ध केले. पुढे रिसर्पिनहून अधिक सोयीची औषधे आली व ती स्वस्तही झाली. अर्धशतकापूर्वी हे ज्ञान सिद्ध झाले असताना माणसे पक्षाघाताने पडतात, याचे उत्तर प्रयोगशाळेत सापडणार नाही. ते वाटपाच्या व्यवस्थेत शोधावे लागेल.

या दृष्टीने सातारा जिल्ह्याला विशेष महत्त्व आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, केंद्र व राज्य शासने आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी नोव्हेंबर २०१७ मध्ये उच्च रक्तदाब नियंत्रणाचा उपक्रम सुरू केला. महाराष्ट्रात त्यासाठी प्रथम निवडलेल्या जिल्ह्यांत सातारा होता. या उपक्रमाने नवे औषध शोधले नाही. अमलोडिपिन, टेल्मिसार्टन, क्लोरथॅलिडोन अशा मोजक्या औषधांचा ठराविक क्रम, त्यांचा अखंड पुरवठा, परिचारिका व आरोग्यसेविकांवर सोपविलेली जबाबदारी, घराजवळ महिन्याची गोळी आणि प्रत्येक रुग्णाची नोंद, एवढेच त्याचे सूत्र. २०२२ पर्यंत देशभर ३४ लाखांहून अधिक रुग्ण त्यात उपचार घेत होते आणि जवळजवळ निम्म्यांचा रक्तदाब ताब्यात आला होता.

या निम्म्यांचा अभिमान जरूर बाळगावा, पण उरलेल्या निम्म्यांचा हिशेब मागितला पाहिजे. गळीत हंगाम सुरू झाला की ऊसतोडणी कामगार सहा-सहा महिने गावाबाहेर असतो. गोळी गावच्या उपकेंद्रात आणि माणूस फडात, अशी स्थिती होते. कामगार जेथे जाईल तेथे त्याची नोंद व औषध गेले पाहिजे, ही मागणी साखर कारखान्यांच्या दारात उभी करावी लागेल.

दुसरा प्रश्न पैशाच्या दिशेचा आहे. शासनाच्या जनआरोग्य योजनेतून हृदयशस्त्रक्रियेचा खर्च भागतो, ते योग्यच आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये औषधी स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरविली गेली, तोही लोकहिताचा निर्णय होता. परंतु शस्त्रक्रियेची रक्कम रुग्णालयाच्या खात्यात जमा होते, म्हणून तिचा पाठपुरावा करणारे बलवान हितसंबंध उभे राहतात. गोळीमुळे टळलेल्या झटक्याचे बिल निघत नाही. ज्यात कोणाचा नफा नाही, त्याची बाजू बाजार मांडत नाही. ती संघटित लोकांनीच मांडावी लागते. मिरजेला १८९४ पासून मिशन रुग्णालयाची आणि १९६२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची परंपरा लाभली. परंतु एकेकाळी दक्षिण सातारा म्हणविणाऱ्या सांगलीतील जत-आटपाडीच्या माणसाचा पक्षाघात टाळायचा, तर ते काम मिरजेत होणार नाही, त्याच्या गावच्या उपकेंद्रातच व्हावे लागेल.

म्हणून प्रत्येक शाखेने आपल्या भागातील उपकेंद्रास दरमहा भेट द्यावी. रक्तदाबाचे यंत्र चालू आहे काय, तिन्ही औषधे शिल्लक आहेत काय, किती रुग्ण येईनासे झाले, हे तीन प्रश्न विचारून उत्तरे ग्रामसभेत मांडावीत. मिश्री, तंबाखू आणि ताटातील मीठ यांविषयी घरोघर बोलावे. मात्र उपदेशाच्या आडून शासनाची जबाबदारी रुग्णाच्या माथी मारू नये. ज्या संशोधनाला जनतेचा पैसा व रुग्णांचा विश्वास लाभला, त्याचे फळ जनतेच्या पदरात पडेपर्यंत कार्यकर्त्यांचे काम संपत नाही.