वडीलधाऱ्यांचा नाद

सिनेमाचा नाद मुलांना लागतो आणि तो सोडविण्याचे कर्तव्य आईबापांकडे येते, अशी आपल्याकडे एक जुनी समजूत आहे. ह्या विषयावर जेवढी व्याख्याने झाली, वृत्तपत्रांच्या संपादकांना जेवढी पत्रे गेली आणि शाळांच्या स्नेहसंमेलनांत जेवढे वादविवाद झडले, त्या सर्वांत आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहिला तो बहुधा शाळा चुकविणारा मुलगाच. त्याच्या शेजारी त्याच्या वडिलांना कोणी उभे केले नाही. वास्तविक तिकिटाच्या खिडकीपर्यंत ज्याचा हातसुद्धा पोहोचत नाही, ते मूल आपल्या पायांनी सिनेमाला जात नसते. त्याला तेथवर नेणारा हात आईचा किंवा बापाचा असतो. पुष्कळदा त्या हाताच्या मालकालाच जायचे असते आणि मूल हे निमित्त असते. पण तसे मोकळेपणाने सांगणारे आईबाप थोडे.

आपल्या देशातील चित्रपटाची कथा तर अशाच एका बापापासून सुरू होते. धुंडिराज गोविंद फाळके १९१०-११ च्या सुमारास चाळिशीच्या उंबरठ्यावर होते. जन्म त्र्यंबकेश्वरचा, सन १८७० चा. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात त्यांचे शिक्षण झाले. गोध्र्याला त्यांनी छायाचित्रणाचा धंदा मांडला, तेथे प्लेगने त्यांची पहिली पत्नी आणि मूल नेले. पुढे पुरातत्त्व खात्यात चित्रे व आराखडे काढण्याची सरकारी नोकरी लागली, ती त्यांनी स्वदेशीच्या वाऱ्यात सोडली. छापखाना काढला, त्यासाठी १९०९ मध्ये जर्मनीला जाऊन आले, आणि भागीदारांशी न पटल्यामुळे तोही सोडला. दुसरा संसार मांडलेला, घरात लहान मुले, हाती ठराविक प्राप्ती नाही. अशा वेळी माणसाने काय करावे हे सांगणारे नातेवाईक कोणत्याही काळी विपुल असतात. सिनेमाला जावे, असे त्यांतील एकानेही सांगितले नसेल.

फाळके गेले. गिरगावात अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेस नावाचे चित्रपटगृह होते. थोरला मुलगा भालचंद्र ह्याला घेऊन ते तेथे गेले आणि पडद्यावर हालणारे प्राणी पाहून आले. भालचंद्राने घरी येऊन आईला ती हकीकत सांगितली, तेव्हा कोणाचा विश्वास बसेना, असे सांगतात. भिंतीवर चालणारी जनावरे पाहिली म्हणणाऱ्या मुलाचे कोण ऐकणार? तेव्हा दुसऱ्या दिवशी फाळके पत्नी सरस्वतीबाई आणि मुले ह्यांना बरोबर घेऊन पुन्हा त्याच दारात उभे राहिले. त्या दिवशी खेळ बदललेला होता. प्राण्यांच्या जागी ख्रिस्ताचे चरित्र लागले होते. ते पाहता पाहता आपल्या डोळ्यांपुढे राम आणि कृष्ण उभे राहू लागले, असे फाळक्यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवले आहे. हा प्रसंग आता पाठ्यपुस्तकांत गेला आहे. पाठ्यपुस्तके ख्रिस्त आणि कृष्ण ह्यांवर भर देतात, ते योग्यच. परंतु एक गृहस्थ काल पाहिलेल्या ठिकाणी आज पुन्हा, आणि ह्या खेपेस सर्व बिऱ्हाड बरोबर घेऊन गेला, ही गोष्ट त्या भरात मागे पडते.

त्यानंतर जे सुरू झाले त्याला नाद ह्यापेक्षा सभ्य शब्द सापडणे कठीण आहे. मुंबईत लागेल तो चित्रपट फाळके पाहू लागले. दिवसाचे चार-चार, पाच-पाच तास त्यात जात. घरी आले की रात्री मेणबत्ती आणि भिंग घेऊन भिंतीवर चित्रे उमटविण्याचे प्रयोग चालत. झोप उडाली, आणि अतिश्रमाने डोळ्यांनी दगा दिला. काही काळ त्यांना दिसेनासे झाले. डॉक्टरांच्या उपचारांनी आणि निरनिराळ्या चष्म्यांनी ती दृष्टी परत आली. परत आलेल्या दृष्टीचा पहिला उपयोग काय झाला असेल, ह्याचा तर्क श्रोत्यांनीच करावा. पुढे विलायतेस जाण्यासाठी त्यांनी विम्याच्या पॉलिसी गहाण टाकल्या. फेब्रुवारी १९१२ मध्ये ते लंडनला निघाले आणि एप्रिलमध्ये कॅमेरा व फिल्मला छिद्रे पाडण्याचे यंत्र ह्यांची व्यवस्था करून परतले. घरातले दागिनेही ह्याच कामी गेले.

एखाद्या हिशेबतपासनिसापुढे हा जमाखर्च ठेवला तर त्याचा शेरा काय पडेल, हे सांगावयास नको. विमा हा मुलांसाठी असतो. दागिने हे अडीअडचणीसाठी असतात. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन चित्रपटगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला आणि लोकांनी तो उचलून धरला, म्हणून आज ह्या शेऱ्याकडे आपण हसून पाहतो. पण यश आले म्हणजे मागचा सर्व खर्च शहाणपणाचा ठरतो, हा न्याय फारसा भरवशाचा नाही. चित्रपट पडला असता तर त्याच सरस्वतीबाई आणि तीच मुले उघड्यावर पडली असती, आणि फाळक्यांचे नाव नातेवाइकांच्या बोलण्यातील एक धडा म्हणून तेवढे राहिले असते. शिवाय यश टिकले तरी कोठे? बोलपट आल्यावर फाळक्यांचा काळ सरला. १९३७ चा ‘गंगावतरण’ हा त्यांचा बोलपट अखेरचा ठरला, आणि १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला ते वारले तेव्हा सांपत्तिक स्थिती हलाखीचीच होती. बापाच्या नादाची किंमत घराने भरली, हे नाकारण्यात अर्थ नाही.

मग ह्या नादात आणि इतर नादांत फरक कोणता? जुगारी घरच्यांना अड्ड्यावर नेत नाही. मद्यपी आपल्या पेल्यातला घोट मुलाला देत नाही. फाळक्यांनी मात्र नाद लागल्याच्या दुसऱ्या दिवशी तो घरात वाटून टाकला. लंडनहून सामग्री आली तेव्हा कच्च्या फिल्मला काळोखात छिद्रे पाडायला बसल्या त्या सरस्वतीबाई. कुंडीत पेरलेला दाणा रुजून त्याचा वेल कसा होतो, हे रोज थोडे थोडे चित्रित करून फाळक्यांनी प्रथम ‘अंकुराची वाढ’ हा छोटा चित्रपट केला, तो ह्याच घरातला. ‘राजा हरिश्चंद्र’च्या वेळी साऱ्या कंपनीचा स्वयंपाक सरस्वतीबाईंनी केला, कॅमेऱ्यासमोर उजेड परतविण्यासाठी पांढऱ्या चादरी धरून त्या उन्हात उभ्या राहिल्या. राजपुत्राचे काम भालचंद्राने केले. आदल्या दिवशी पाहिलेले कोणी खरे मानीना म्हणून हिरमुसलेला तोच हा मुलगा.

फाळक्यांना चित्रपट करावयाचा होता. त्यांच्यामागून आलेल्या असंख्य आईबापांना तो नुसता पाहावयाचा होता. त्यांनी विमा गहाण टाकला नाही. फार तर महिन्याच्या किराण्यातून आठ आणे मागे ठेवले. प्रभातचा ‘संत तुकाराम’ १९३६ मध्ये निघाला आणि मुंबईच्या सेंट्रल चित्रपटगृहात वर्षाहून अधिक काळ चालला. १९५९ च्या ‘सांगत्ये ऐका’ने पुण्याच्या विजयानंदमध्ये १३१ आठवडे मुक्काम केला. एवढे आठवडे नुसत्या तरुणांनी भरत नाहीत. दुपारी तीनच्या खेळाला जी रांग लागे, तीत स्वयंपाक, धुणे आणि सासूबाईंचा चहा उरकून आलेल्या बायका असत; काखेत एक, हाताशी एक, आणि पिशवीत घरून आणलेले खाद्य. बाहेरचे घ्यावयाचे ते मध्यंतरात शेंगदाण्यांची एक पुडी.

ह्या बायकांना कोणता चित्रपट आवडे, हे सांगण्यात फारसे हशील नाही. लागलेला प्रत्येक चित्रपट त्यांना थोडाबहुत आवडेच. ज्या बाईचे हात पहाटेपासून रात्रीपर्यंत कधी रिकामे नसतात, तिचे हात तीन तास मांडीवर स्वस्थ पडून राहण्याचे ठिकाण म्हणजे चित्रपटगृह. तेथे तिला कोणी हाक मारीत नाही. आणि तेथेच मुलाला आई रडताना दिसते. घरात पैशाची ओढाताण झाली, कोणाचे मरण झाले, तरी चुलीपुढे डोळे कोरडे ठेवणारी ती बाई पडद्यावरच्या परक्या सुनेसाठी पदराला डोळे पुसते, ह्याचा मुलाला प्रथम अचंबा वाटतो. १९५३ मध्ये आचार्य अत्र्यांचा ‘श्यामची आई’ आला, तेव्हा मुलांना वळण लागावे म्हणून कितीतरी आयांनी त्यांना तेथे नेले. वळण किती लागले हे सांगता येत नाही. आया मात्र पोटभर रडून आल्या.

बापांची तऱ्हा निराळी. गावच्या जत्रेत फिरत्या सिनेमाचा तंबू पडे. त्याला परवाना लागे, आगीसाठी वाळूच्या बादल्या टांगाव्या लागत, आणि त्या बादल्यांत वाळू आहे की विड्यांची थोटके, हे पाहण्यास कोणी कारकून येई. त्या तंबूत सतरंजी अंथरून, मुलाला खांद्यावर घेऊन बसलेला बाप खदखदून हसे. घरी त्याच्या खाकरण्याने पोरे चिडीचूप होत. तंबूत त्याच्या हसण्याचा धक्का खांद्यावर बसलेल्या मुलाच्या अंगाला लागे, आणि आपल्या वडिलांना हसता येते ही बातमी मुलाला अशा रीतीने मिळे.

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले आणि चित्रपट घरात आला. मग चित्रफिती आल्या, वाहिन्या आल्या, आणि आता तो तळहातावर मावतो. गावोगावची जुनी चित्रपटगृहे एकामागून एक बंद झाली. मार्च २०२० मध्ये साथीमुळे उरलेलीही मिटली, त्यांतील काही पुन्हा उघडली नाहीत. ह्या सर्वांचा हिशेब घरातल्या म्हाताऱ्या आईपुढे मांडून तिचा मुलगा म्हणतो, “आई, सगळे घरबसल्या दिसते, मग एवढी दगदग कशाला?” तो खोटे बोलत नाही. तिचे गुडघे दुखतात, काळोखात पायऱ्या दिसत नाहीत, मध्यंतरात घोटभर चहाला कित्येक रुपये पडतात. ती म्हणते, “दिसते रे, पण जाणे होत नाही.” मुलाला हे उत्तर वेडगळ वाटते. घरी चित्रपट पाहताना मधूनच दूधवाला येतो, कुकरची शिटी होते, नातू आपला खेळ लावतो. ती उठते, पुन्हा बसते, आणि हात मोकळे राहत नाहीत. इस्त्रीचे पातळ नेसून, चपला घालून, दाराला कडी लावून निघणे, अनोळखी माणसांच्या शेजारी बसणे आणि सर्वांबरोबर एकाच वेळी श्वास रोखणे, ह्याला ती जाणे म्हणते. आता तिकीट फोनवरून काढावे लागते. ते तिला जमत नाही; एके काळी मुलाचा हात खिडकीपर्यंत पोहोचत नव्हता, तसा आता तिचा पोहोचत नाही. मुलाच्या मनात आले तरच ती जाते, आणि तिला वर्षात फारसा कधी पडदा दिसत नाही.

आईबापांच्या ह्या हौसेतून मुलांच्या हाती काय लागले, हा प्रश्न मात्र उरतो. फाळक्यांच्या घरापुरते त्याचे एक उत्तर डोळ्यांनी पाहता येते. १९१९ मध्ये त्यांनी ‘कालिया मर्दन’ केला आणि त्यात बाळकृष्णाचे काम आपल्या मुलीला, मंदाकिनीला दिले. त्या चित्रपटाचा बराच भाग सुदैवाने टिकून आहे. त्याच्या आरंभी कथा सुरू होण्यापूर्वी मंदाकिनी एकटीच दिसते, सहा-सात वर्षांची. कोणी सांगेल त्याप्रमाणे ती मुद्रा बदलते. राग आणते, भीती आणते, हसते. सांगणाऱ्याचा आवाज अर्थातच ऐकू येत नाही, चित्रपट मूक आहे. मग तिच्या अंगावर कृष्णाचा वेष चढतो, आणि ती पुन्हा समोर पाहते.