हळद, पुरावा आणि पेटंट



विळीवर बोट कापले की घरातली आजी काय करते? हळदीची चिमूट दाबून धरते. ह्याला कुणी शोध म्हणेल काय? पण म्हटले गेले खरे! जखम भरून येण्यासाठी हळद वापरायची, ह्या गोष्टीवर मार्च १९९५ मध्ये अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला चक्क पेटंट मिळाले.

पेटंट म्हणजे सरकारशी केलेला एक सौदा समजा. शोध लावणाऱ्याने आपली युक्ती हातचे न राखता कागदावर उघड करायची. त्याबदली ती दुसऱ्याने परवानगीवाचून वापरू नये, असा हक्क मिळवायचा. आपल्याकडे हा हक्क अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे चालतो. मात्र वस्तू उपयोगाची हवी, जाणकाराला सहज सुचणारी नसावी, आणि मुख्य म्हणजे नवी हवी.

मग हळद नवी कशी ठरली? खुबी इथेच आहे. परदेशात लोक एखादी गोष्ट नुसती करीत आले आहेत, हा पुरावा त्या वेळचा अमेरिकन कायदा मानीत नसे. पुरावा छापील पाहिजे! (हा भेद तिकडे २०१३ पासून गेला.) म्हणजे आजीची साक्ष कामाची नव्हती. तेव्हा आपल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने १९९६ मध्ये फेरतपासणी मागितली. परिषदेचे प्रमुख होते गोव्यात माशेलला जन्मलेले डॉ. रघुनाथ माशेलकर. जुने ग्रंथ चाळून ३२ संदर्भ पुढे ठेवले गेले. त्यांत इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातला १९५३ सालचा एक लेखही होता. १९९७ मध्ये तिथल्या पेटंट कार्यालयाने ते दावे फेटाळले.

आता शिक्षक मंडळींनी ह्याची दुसरी बाजू पाहावी. समजा, गावातल्या लोहाराने पाभरीला असा काही भाग बसवला, की बी सारख्या अंतरावर पडू लागले. आपल्याला कौतुक वाटते. आपण वर्तमानपत्रात चित्रासह माहिती छापून आणतो. आणि तोच छापील कागद उद्या त्याच्या अर्जाच्या आड येतो. कारण वस्तू आता नवी राहिली नाही! निबंध छापण्याची घाई करणारे शास्त्रज्ञ आणि इंजिनिअरही नेमके इथेच फसतात. कायद्यात थोडे अपवाद आहेत, पण त्यांच्या भरवशावर राहू नये. आधी अर्ज, कौतुक मागाहून. सगळी तयारी नसली तर तात्पुरता अर्ज करता येतो. पुढे १२ महिन्यांत पुरा तपशील द्यावा लागतो. महाराष्ट्रातले अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयाकडे जातात.

आणखी एक. पेरणीच्या रीतीवर आपल्या कायद्यात पेटंट मिळत नाही. अवजारावर मिळू शकते. तेव्हा लोहाराजवळ बसा, नवा भाग नेमका कोणता आणि तो कसा चालतो, हे त्याच्याच तोंडून उतरवून घ्या. आकृती काढायला शाळेचे ड्रॉइंग मास्तर आहेतच.