तळ्यावर लाल तवंग दिसला, तर शेण थांबवा

शेततळ्यात कटला, रोहू, मृगळ सोडणाऱ्यांनी आज नीट लक्ष द्यावे. उन्हाळ्यात काही तळ्यांवर विटकरी लाल तवंग येतो. सकाळी पाहावा तर हिरवट, ऊन चढले की लाल. हा गंज नव्हे, हा तवंग जिवंत आहे. हा युग्लीना नावाचा सूक्ष्म जीव.

एकटा युग्लीना नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. लाखोंनी जमले की तवंग दिसतो. त्याच्या अंगात पिकाच्या पानासारखे हरितद्रव्य असते, म्हणून उन्हात तो आपले अन्न आपणच तयार करतो. पण तेवढ्यावर तो थांबत नाही. शेण कुजून पाण्यात विरघळलेले अन्नही तो अंगातून शोषून घेतो. डायनोब्रिऑन नावाचा दुसरा एक जीव तर ऊनही वापरतो आणि वर जिवाणूही गिळतो. असे हे दुहेरी खाणारे जीव! ऊन आपल्या हातात नाही, शेण मात्र आहे.

बेताचे शेण टाकले तर माशांचे नैसर्गिक खाद्य वाढते. पाटीवर पाटी ओतत गेलो, तर युग्लीनाचे फावते. मग दाट तवंगाखाली उजेड पोचत नाही. रात्री तवंग, मासे आणि कुजणारे शेण, सगळेच प्राणवायू ओढतात. पहाटे मासे तोंड वर काढून धापा टाकू लागतात, आणि वर्षाची कमाई एका रात्रीत जाते. शिवाय युग्लीनाच्या काही जाती माशांना मारणारे विष तयार करतात, असे अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी २००४ साली दाखवून दिले आहे.

तेव्हा एवढे करा :

१. तवंग जाईपर्यंत शेण, कोंबडीखत आणि पेंड-कोंडा बंद ठेवा.

२. दुपारी वाऱ्याने तवंग एका कोपऱ्यात लोटला जातो. दोघांनी जुने लुगडे दोन्हीकडून धरून तो ओढून काढा आणि तळ्यापासून लांब खड्ड्यात पुरा.

३. तळ्यातले थोडे पाणी उपसून विहिरीचे ताजे पाणी उंचावरून सोडा. पहाटे मासे वर येत असतील तर लगेच पंप लावून तळ्याचेच पाणी तळ्यात फवारा.

४. अंदाजाने मोरचूद टाकू नका. सगळा तवंग एकदम मेला की कुजतो आणि उरलासुरला प्राणवायूही संपवतो.

५. इतर शेवाळांचाही असा तवंग येतो. म्हणून बाटलीत नमुना भरून मत्स्य विभागाच्या कार्यालयात दाखवा. तोवर ते पाणी जनावरांना पाजू नका.

तळ्यात शेणाची पाटी ओतण्याआधी पाण्याचा रंग बघा. रंग बिघडलेला दिसला, तर ती पाटी उकिरड्यावर टाका. तिथे तिचे चांगले खत होईल, आणि इकडे मासे वाचतील.