साखरेचा डबा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वाढदिवसाच्या दिवशी गोड खायचे आणि भाषण मात्र साखरेवर ऐकायचे, हा योग विचित्रच खरा. पण विषय मला चिटणीसबाईंनी दिला आहे, तेव्हा राग त्यांच्यावर काढावा.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. आपला सोलापूर जिल्हा उसाचा आणि कारखान्यांचा. १९५० च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या खटपटीने प्रवरेकाठी सहकारी साखर कारखाना उभा राहिला, आणि त्या वाटेने पुढे कितीतरी गावांत पैसा आला. कुणाच्या मुलीचे लग्न, कुणाच्या मुलाचे शिक्षण उसाच्या बिलावर झाले. त्या उसाला नावे ठेवायला मी उभी राहिलेली नाही. पण ऊस पिकवणे निराळे, आणि त्याची साखर आपल्याच पोटात किती घालायची हे निराळे.

मागे मी घरी एक हिशेब केला. आम्ही पाच माणसे. वाण्याच्या वहीत महिन्याची साखर निघाली साडेसहा किलो, वर दीड किलो गूळ. म्हणजे आठ किलो. पाच माणसांत आणि तीस दिवसांत वाटले तर माणशी रोज त्रेपन्न ग्रॅम पडले. बाहेरचा चहा, बिस्किटे आणि बाटलीतली पेये यात धरलेलीच नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले की, वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण अन्नशक्तीच्या दहाव्या हिश्शापेक्षा कमी असावी, आणि विसाव्या हिश्शाच्या आत राहिली तर अधिक चांगले. साधारण मोठ्या माणसाला हे अनुक्रमे ५० आणि २५ ग्रॅम होते. २५ ग्रॅमने पाच माणसांच्या घरी महिन्याला पावणेचार किलो पुरायला हवी. मी तर स्वतःला काटकसरी समजत होते!

गुळाबद्दल बायका हटकून विचारतात. गूळ चवीला चांगला, त्यात थोडी खनिजे असतात, हे खरे. पण त्यातला मोठा भाग साखरच. मधुमेहाच्या माणसाने ‘गुळाचा आहे’ म्हणून दोन कप जास्त घेणे म्हणजे स्वतःची फसवणूक. उसाच्या रसाचेही तेच.

आता ही साखर पोटात जाऊन करते काय? साखरेच्या कणात दोन भाग असतात, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. ग्लुकोज सगळे शरीर वापरते. फ्रुक्टोजचा बहुतेक भार मात्र एकट्या यकृतावर पडतो. कामापेक्षा जास्त आले की यकृत त्याची चरबी करते. काही स्वतःत साठवते, काही रक्तात सोडते. चरबीने भरलेले यकृत इन्शुलिनचे ऐकेनासे होते, आणि रात्री आपण उपाशी झोपलेले असताना रक्तात नको तितकी साखर सोडत राहते. म्हणून सकाळी उपाशीपोटी तपासले तरी आकडा चढलेला दिसतो. ज्याचे वजन आधीच जास्त, त्याच्याकडे ही कोठारे आधीच भरलेली असतात, म्हणून त्याला हे लवकर बाधते. २००९ साली अमेरिकेत जाड माणसांना दहा आठवडे गोड पेये देऊन पाहिले. काहींना ग्लुकोजची, काहींना फ्रुक्टोजची. वजन दोन्हीकडे सारखेच वाढले. परंतु फ्रुक्टोजवाल्यांच्या पोटाच्या आत चरबी वाढली आणि इन्शुलिनचा परिणाम कमी झाला. त्यांना दिलेले प्रमाण फार मोठे होते, दिवसाच्या अन्नाचा चौथा हिस्सा, हेही सांगितले पाहिजे. एका लाडवाने कुणाचे यकृत बिघडत नाही.

“मी कुठे जाड आहे?” असे म्हणणाऱ्या भगिनींसाठी पुण्याची एक गोष्ट. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. युडकिन यांनी २००४ साली आपला दोघांचा फोटो व मापे छापली. उंचीच्या मानाने वजन दोघांचे अगदी सारखे. पण अंगातली चरबी युडकिन यांची शंभरात ९, तर याज्ञिकांची २१. आपण भारतीय सडपातळ दिसूनही आतून चरबीचे असू शकतो. म्हणून आपल्याकडे वजनाची मर्यादाही खाली धरतात: पाच फूट उंचीच्या बाईचे ५३ किलोच्या पुढे गेले की जास्त. आणि कमरेचा घेर बाईचा ८० सेंटिमीटर, म्हणजे साडेएकतीस इंच, पुरुषाचा ९० सेंटिमीटर, याच्या आत हवा.

खरी अडचण पुढेच आहे. सण आपल्याला बुडवत नाहीत. संक्रांतीचा तिळगूळ, पाडव्याची पुरणपोळी वर्षातून किती वेळा? बुडवतो तो रोजचा चहा. हळदीकुंकवाला पाच घरी गेले की पाच कप, प्रत्येकी दोन चमचे. दहा चमचे म्हणजे चाळीस-पन्नास ग्रॅम तिथेच झाले. नको म्हणावे तर यजमानीण रुसते, आणि साखर कमी घातली तर ‘हात आखडला’ म्हणून बोल लागतो. आपण आपल्याच जावेला, नणंदेला, आजारी सासूला ‘एक कपाने काय होतंय’ म्हणून पाजतो. मीही पाजलेला आहे.

मी घरी एकदम बंद केले नाही. दर पंधरवड्याला अर्धा चमचा कमी केला. पहिले आठ दिवस घरधनी कप बघून गप्प बसत. तिसऱ्या महिन्यात शेजारचा चहा त्यांनाच फार गोड लागला. वाण्याच्या वहीत आता साखर-गूळ मिळून चार किलो असतो. ज्वारीची भाकरी, डाळ, पालेभाजी, शेंगाचटणी यांना मी हात लावलेला नाही; चटणी मात्र बोटभरच.

एक सावधगिरी. ज्यांना मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन चालू आहे, त्यांनी माझे ऐकून जेवण कमी करू नये. डॉक्टरांना विचारून करावे. अशा माणसाला घाम फुटला, हातपाय थरथरू लागले, तर ताबडतोब साखरच द्यावी लागते. त्या वेळी तीच औषध.

आजच्या चहात साखर घातलेली नाही. ती वेगळ्या वाटीत, लहान चमच्यासह ठेवली आहे. ज्या भगिनीला जितकी हवी तितकी तिने घ्यावी, कुणी कुणाच्या कपाकडे बघू नये. शिवणवर्गाची टेप आतल्या खोलीत आहे. एकेकीने आत जावे, बेंबीच्या रेषेत घेर मोजावा, आणि आकडा मोठ्याने वाचू नये.