खाटेजवळचा तक्ता

बुलढाणा, खामगाव किंवा मलकापूरच्या सरकारी रुग्णालयात खाटेजवळचा तक्ता तुम्ही पाहिला असेल. ताप, नाडी, रक्तदाब, किती वाजता कोणतं औषध दिलं, हे सारं सिस्टर त्यात लिहितात.

ती नोंद कशी राहते, हे सर्वांत आधी हाताशी किती माणसं आहेत यावर ठरतं. रात्रपाळीत एकीच्या वाट्याला भरलेला वॉर्ड आला, की सलाइन बदलणं आधी, लिहिणं नंतर. मग चारची नोंद सहाला आठवून लिहिली जाते आणि नेमकी वेळ निसटते. याचा दोष मी सिस्टरना देणार नाही.

दुसरी गोष्ट भाषेची. आजी वऱ्हाडीत सांगते, "जीव कसाकसाच करते बाई." कागदावर ते इंग्रजीत उतरवायचं. मळमळ, घाबरणं, की छातीतली कळ? अनुभवी सिस्टर पुन्हा विचारते, आजीचा हात कुठे जातो ते पाहते, मगच लिहिते.

डॉक्टर राउंडला तक्ता खरंच वाचत असतील, तर लिहिणाऱ्यालाही हुरूप येतो.

वैद्यक परिषदेच्या 2002 च्या नियमांनुसार दाखल रुग्णाच्या नोंदी डॉक्टरांनी 3 वर्षं जपायच्या आणि मागितल्यास 72 तासांत द्यायच्या असतात. घरी निघताना डिस्चार्ज कार्ड मात्र आठवणीने घ्या.